संहितेचे कोठार : कोश, ओव्या आणि एक्सएमएल

मराठीच्या अध्यापकांनी डेटाबेसच्या इतिहासात डोकावण्याचे कारण काय, अशी शंका वाचकांना येणे स्वाभाविक आहे. परंतु संहिता साठवणे, तिचे जतन करणे आणि तीत हवे ते शोधून काढणे हे काम मुळात आमच्याच क्षेत्रातले. हस्तलिखितांच्या याद्या, ओवीसूची, शब्दसूची, ग्रंथाच्या शेवटी दिलेली विषयसूची ही सारी त्याच कामाची साधने होत. संगणकावर हे काम करणारी जी साधने गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत घडली, त्यांच्या घडणीत कोशकारांचा आणि पाठसंपादकांचा वाटा मोठा आहे. आमच्या अभ्यासक्रमात मात्र त्याचा उल्लेख कोठे येत नाही. आम्हीही तो इतिहास आपणहून वाचायला गेलो नसतो. एक नुकसान झाले म्हणून जावे लागले.

२००३ च्या सुमारास आमच्या विभागातील विद्यार्थी सुट्टीत गावी जाताना कोऱ्या वह्या घेऊन जात आणि आजी, आत्या, शेजारच्या वयस्क बायका यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणीत. प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव, तिचे सासरचे व माहेरचे गाव, अंदाजे वय आणि जमल्यास ओवीचा प्रसंग लिहावयाचा, असा आमचा दंडक होता. पाचसहा वर्षांत अडीच-तीन हजार ओव्या जमल्या. महाविद्यालयाने त्या काळी एका कंपनीची संगणक-प्रणाली वार्षिक वर्गणीवर घेतली होती. तीत त्या भरल्या. पुढे वर्गणी परवडेना, ती थांबली, आणि प्रणालीला कुलूप लागले. बऱ्याच विनवण्यांनंतर आमचा मजकूर परत मिळाला तो दोन याद्यांच्या रूपाने. एका यादीत ओव्या होत्या, दुसरीत गाणाऱ्या होत्या. त्यांना जोडणारे क्रमांक तिसऱ्या सारणीत होते आणि ती सारणी आम्हांला कधीच मिळाली नाही. ओव्या हाती आल्या, गाणाऱ्याही हाती आल्या. कोणती ओवी कोणाची, हे मात्र कळेना. मूळ वह्यांपैकी काहींना तोवर कोठीच्या खोलीत वाळवी लागलेली होती.

पुन्हा सुरुवात करताना प्रश्न पडला की ओव्या ठेवाव्यात कशात. या वेळी आम्ही एक्सएमएल हे नाव ऐकले होते. ज्यांना ते परिचित नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की एक्सएमएल म्हणजे साध्या मजकुरातच त्याच्या अवयवांची नावे लिहून ठेवण्याची रीत. ओवीच्या आधी <ओवी> आणि नंतर </ओवी> अशी खूण घालावयाची. तिच्या आत चरण, गाणारी, गाव यांच्या खुणा. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. फाईल कोणत्याही साध्या संपादकात उघडते आणि माणसाला वाचता येते. अशा फायली शेकड्यांनी झाल्या की त्या साठवणारा आणि खुणांनुसार शोध घेणारा डेटाबेस हवासा वाटू लागतो. त्यांतला परवडणारा कोणता, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही १९६९ पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांपुढे वकिलांच्या कचेरीतील कागदपत्रांचा प्रश्न होता. गोल्डफार्ब स्वतः वकील होते. कागद लिहिण्याचा कार्यक्रम वेगळा, साठवून शोधण्याचा वेगळा, छापण्यासाठी मांडणी करण्याचा वेगळा. आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. तेव्हा मजकूर कसा दिसावा हे न लिहिता तो काय आहे एवढेच लिहावे, म्हणजे तिन्ही कार्यक्रम आपापल्या परीने तो वापरतील, ही कल्पना पुढे आली. तिला तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून जीएमएल हे नाव मिळाले आणि तिचेच विस्तारित रूप १९८६ मध्ये एसजीएमएल या नावाने आंतरराष्ट्रीय मानक ठरले. खुणा घालण्याची ही रीत छपाईच्या सोयीसाठी जन्मली असा सर्वसाधारण समज आहे. साठवण आणि शोध तिच्या जन्मापासूनच तिच्यासोबत होते, हे त्या समजात निसटते.

दरम्यान १९७० मध्ये, आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी माहिती सारण्यांमध्ये ठेवण्याचा सिद्धान्त मांडला. प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र सारणी, प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि क्रमांकांनी एकमेकींशी जोडलेल्या सारण्या. बँका, रेल्वे, पगारपत्रके यांचे जग या सिद्धान्तावर उभे राहिले आणि आजही उभे आहे. आमच्या ओव्या ज्या प्रणालीत हरवल्या तीही याच कुळातली. सिद्धान्ताला दोष देण्यात अर्थ नाही. पगारपत्रकाला तो शोभून दिसतो. मात्र पगारपत्रकातील ओळींचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. कवितेतल्या ओळींचे तसे नाही.

या मतभेदाला पहिले मोठे रूप आले ते एका कोशामुळे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि मूळ कोश १९२८ मध्ये पुरा झाला. त्यानंतर १९३३ ची पुरवणी आणि १९७२ ते १९८६ या काळात रॉबर्ट बर्चफील्ड यांनी सिद्ध केलेले पुरवणीचे चार खंड, असा हा पसारा होता. मूळ कोश आणि पुरवणी एकत्र करून नवी आवृत्ती काढावयाची तर सारे संगणकावर आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९८४ मध्ये तो प्रकल्प जाहीर झाला. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया व फ्लोरिडा येथे १२० टंकलेखकांनी ३५ कोटींहून अधिक अक्षरे टंकित केली, इंग्लंडमध्ये ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली, आणि पाच वर्षांत सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर खर्च झाले. १९८९ मध्ये २० खंडांची दुसरी आवृत्ती बाहेर पडली.

या प्रकल्पात आयबीएमने यंत्रे व माणसे दिली, आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने डेटाबेसचा विचार अंगावर घेतला. वॉटर्लूतील संगणकशास्त्रज्ञ गॅस्टन गॉनेट आणि फ्रँक टॉम्पा यांच्यापुढचा पेच वाङ्मयाच्या अभ्यासकांना सहज समजेल. कोशातील एक नोंद म्हणजे शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, मग अर्थ, अर्थांचे उपअर्थ, प्रत्येक उपअर्थाखाली कालानुक्रमे अवतरणे, प्रत्येक अवतरणाला वर्ष, कर्ता, ग्रंथ. एखादी नोंद दोन ओळींची, तर एखाद्या क्रियापदाची नोंद कित्येक पानांची. हे सारणीत कसे बसवणार? बसवलेच तर एका नोंदीचे शेकडो तुकडे होणार आणि वाचण्यासाठी ते दर वेळी जोडावे लागणार. त्या दोघांनी सारणी सोडून दिली. कोशाला एक व्याकरण असते, नोंद हे त्या व्याकरणानुसार रचलेले जणू एक वाक्य असते, आणि त्या वाक्याचा रचनावृक्ष हाच त्याचा साठवणीचा आकृतिबंध होय, असा विचार त्यांनी १९८७ मध्ये मांडला. आम्ही वाक्यविश्लेषण शिकवताना फळ्यावर जी झाडे काढतो, तीच ही झाडे. ठळक अक्षर, तिरपे अक्षर, लहान मोठाक्षर अशा छपाईच्या चिन्हांवरून नोंदीतला कोणता भाग कोणता, हे ओळखणारे कार्यक्रम तेथेच लिहिले गेले. जेम्स मरे यांनी छपाईची शिस्त एवढी काटेकोर ठेवली नसती तर हे साधले असते काय, याविषयी आम्हांला शंका आहे.

शोधासाठी गॉनेट यांनी घडवलेल्या यंत्रणेचे नाव पॅट. तिची युक्ती कोशकाराला शोभेल अशीच आहे. कोशाचा सगळा मजकूर म्हणजे एकच अखंड ओळ समजावी. या ओळीत जेथे जेथे शब्द सुरू होतो तेथपासून अगदी शेवटापर्यंतचा भाग ही एक माळ. अशा असंख्य माळा मनातल्या मनात अकारविल्हे लावावयाच्या आणि प्रत्यक्षात फक्त त्यांच्या आरंभस्थानांची यादी साठवावयाची. मग कोणताही शब्द वा शब्दसमूह शोधताना कोशाची पाने उघडतो तसे मध्यावर उघडायचे, पुढे की मागे ते पाहायचे, पुन्हा निम्मे करायचे. कोटभर स्थाने असली तरी पंचवीसएक पावलांत जागा सापडते. त्याला खुणांची जोड दिली की अमुक शब्द केवळ अवतरणांत, तोही अमुक कर्त्याच्याच अवतरणांत, असा शोध घेता येतो. मूळ कोशकारांना चिठ्ठ्यांच्या कपाटांपुढे अशा प्रश्नासाठी किती दिवस घालवावे लागले असते, याची कल्पना करावी.

वॉटर्लूच्या कामातून १९९१ मध्ये ओपन टेक्स्ट ही कंपनी निघाली. १९९० च्या दशकात अमेरिकेतील काही विद्यापीठ-ग्रंथालयांनी पॅट वापरून वाङ्मयीन संहितांचे संग्रह शोधासाठी खुले केले. कंपनीचे लक्ष पुढे मोठ्या उद्योगांच्या दस्तऐवजांकडे वळले. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्या यंत्रणेतून स्वतःची एक्सपॅट ही आवृत्ती घडवून इतर ग्रंथालयांसाठी ती चालू ठेवावी लागली. संहिता ग्रंथालयाची आणि शोधाची किल्ली दुसऱ्याची, ही परिस्थिती आमच्याच वाट्याला आली असे नाही, हे वाचून आम्हांला थोडे बरे वाटले. वाटू नये, पण वाटले.

दुसरा प्रवाह पाठसंपादकांचा. नोव्हेंबर १९८७ मध्ये नॅन्सी आइड यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील व्हासार महाविद्यालयात काही अभ्यासक जमले. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पद्धतीने संहिता संगणकावर घालत होते आणि एकाची संहिता दुसऱ्याला वापरता येत नव्हती. त्या बैठकीतून टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, हा उपक्रम उभा राहिला. जर्मानिक भाषाभ्यासातून आलेले मायकेल स्पर्बर्ग-मक्वीन आणि ऑक्सफर्डचे लू बर्नार्ड हे त्याचे संपादक. कविता, नाटक, कोश, हस्तलिखित, पाठभेद या सर्वांसाठी कोणत्या खुणा वापराव्यात याची त्यांची १९९४ ची मार्गदर्शिका सुमारे तेराशे पानांची आहे. तिच्यात पाठभेदांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

१९९० मध्ये डिरोझ, ड्युरँड, मायलोनास आणि रेनिअर या चौघांनी संहिता म्हणजे खरोखर काय, असा प्रश्न विचारणारा एक निबंध लिहिला. संहिता ही क्रमबद्ध, एकात एक सामावलेल्या अवयवांची उतरंड होय, हे त्यांचे उत्तर. साहित्यविचारात या प्रश्नावर रूपवाद्यांपासून उत्तर-संरचनावाद्यांपर्यंत किती वाद झाले हे आमचे विद्यार्थी जाणतात; इकडे तो वाद संगणकाच्या साठवणीसाठी चालला होता. आक्षेपही लगेच आला. वाक्य एका ओळीत सुरू होऊन दुसऱ्या ओळीच्या मध्यावर संपत असेल तर ओळीची खूण आणि वाक्याची खूण एकमेकींना छेदतात, आणि झाडात फांद्या एकमेकींना छेदू शकत नाहीत. ओवीबद्ध ग्रंथ शिकवणाऱ्या कोणालाही हा आक्षेप पटेल. अन्वय लावताना ओवीची सीमा ओलांडावी लागणे ही आमची रोजची गोष्ट आहे. टीईआयने यावर पळवाटा दिल्या आहेत. त्या पळवाटाच आहेत.

मग १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलचे मानक प्रसिद्ध झाले. एसजीएमएल अतिशय अवघड होते; त्याचे हे सुटसुटीत रूप. त्यावर संपादक म्हणून तीन नावे आहेत : टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मक्वीन. पाओली मायक्रोसॉफ्टचे. ब्रे वॉटर्लूच्या कोशप्रकल्पाचे व्यवस्थापक आणि ओपन टेक्स्टच्या संस्थापकांपैकी एक, आणि स्पर्बर्ग-मक्वीन टीईआयचे संपादक. ज्या मानकावर पुढे बँकांचे व्यवहार आणि सरकारी दाखले धावू लागले त्याच्या तीन संपादकांपैकी दोघे कोश आणि पाठसंपादन यांच्या कामातून आलेले होते. कार्यगटाचे प्रमुख जॉन बोसॅक यांनी शेक्सपिअरच्या ३७ नाटकांत हौसेने खुणा घालून ती सर्वांना खुली केली होती. त्यामुळे पुढची अनेक वर्षे नवा एक्सएमएल-डेटाबेस तयार झाला की त्याची परीक्षा बहुधा हॅम्लेटवर होई. भाषणे किती, ओळी किती, अमुक शब्द कोणाच्या तोंडी, हे प्रश्न किती वेगाने सुटतात यावर यंत्रणेचा कस लागे.

डेटाबेस विकणाऱ्यांपुढे आता दोन वाटा होत्या. एक, जुन्याच सारण्यांत एक्सएमएलचे तुकडे करून भरणे. झाडाचा प्रत्येक सांधा सारणीतील एक ओळ होई, आणि एक प्रवेश परत मिळवायला सारणी स्वतःशीच पुन्हा पुन्हा जोडावी लागे. मोठ्या कंपन्यांनी यथावकाश आपल्या सारणीप्रधान प्रणालींतच एक्सएमएलसाठी वेगळी जागा केली : ओरॅकलने २००२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने २००५ च्या आवृत्तीत, आयबीएमने २००६ मध्ये. दुसरी वाट झाडच मूळ मानून साठवण्याची. जर्मनीतील दार्मश्टाट येथील सॉफ्टवेअर एजी या कंपनीने १९९९ मध्ये टॅमिनो हा असा डेटाबेस बाजारात आणला. तो उद्योगांसाठी होता, महाविद्यालयाच्या विभागासाठी नव्हता. योगायोग असा, की स्वस्त पर्यायही दार्मश्टाटमध्येच उगवला. तेथील तंत्रविद्यापीठात असलेल्या वोल्फगांग मायर यांनी २००० च्या सुमारास एक्झिस्ट या मुक्त-स्रोत डेटाबेसचे काम सुरू केले. आरंभी तेही सारण्यांच्याच आधाराने चालत होते. लवकरच त्यांनी स्वतःची साठवण रचली. झाडाच्या प्रत्येक सांध्याला असा क्रमांक द्यावयाचा की केवळ क्रमांक पाहून बाप कोण, मूल कोण, आधी कोण, नंतर कोण हे कळावे, ही त्यातली मुख्य युक्ती. पहिल्या क्रमांकपद्धतीत फार मोठ्या दस्तऐवजासाठी क्रमांकच अपुरे पडत. २००६ मध्ये ती बदलावी लागली. टीईआयच्या खुणांनी संहिता संपादित करणाऱ्या युरोप-अमेरिकेतील अनेक प्रकल्पांनी एक्झिस्ट वापरला.

प्रश्न विचारण्याच्या भाषेचा इतिहास यांत आणखी एक गंमत घालतो. सारण्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९७४ मध्ये रेमंड बॉइस यांच्यासह घडवणारे डॉन चेंबरलिन हेच पुढे झाडांना प्रश्न विचारण्याच्या एक्सक्वेरी या भाषेच्या रचनाकारांत होते. ती भाषा मानक व्हायला जानेवारी २००७ उजाडले. तोवर प्रत्येक डेटाबेसची बोली थोडी वेगळी होती, आणि एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जायचे तर संहितेबरोबर प्रश्नही नव्याने लिहावे लागत. आमच्या मते परवडण्याच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची तारीख ही २००७ चीच. किमती उतरल्यामुळे जेवढा फरक पडला नाही तेवढा भाषा समान झाल्यामुळे पडला.

कारण डेटाबेस जगत नाहीत. झिंदिचे हा मुक्त-स्रोत डेटाबेस २००१ मध्ये अपाचे संस्थेकडे मोठ्या अपेक्षेने आला आणि २०११ मध्ये निवृत्त झाला. स्लीपीकॅट कंपनीचा बर्कली डीबी एक्सएमएल २००६ मध्ये ओरॅकलच्या पोटात गेला. विद्यापीठीय प्रयोगशाळांतून निघालेले आणखी काही, ज्यांची नावे तेव्हाच्या तुलनात्मक तक्त्यांत अग्रभागी असत, आज कोणी घेत नाही. २००१ मध्ये स्थापन झालेली आणि बड्या प्रकाशनगृहांची आवडती मार्कलॉजिक ही महागडी यंत्रणाही २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली. यातला कोणताही डेटाबेस निवडणाऱ्याने त्या वेळी चूक केली असे म्हणता येत नाही. ज्याने खुणा घातलेल्या मूळ फायली बाजूला ठेवल्या होत्या, त्याचे फारसे काही गेले नाही. ऑक्सफर्डच्या कोशाने टंकलेखकांच्या हातून घेतलेला मजकूर १९९२ मध्ये सीडीवर गेला, २००० मध्ये इंटरनेटवर गेला. मधल्या यंत्रणा बदलत राहिल्या. ते १ कोटी ३५ लाख डॉलर मात्र पुन्हा खर्चावे लागले नाहीत.

मराठीच्या वाट्याला या इतिहासातले काय आले? शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पात मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझे यांचा आणि तुळपुळे यांचा कोश शोधता येतात, आणि आमच्यापैकी बहुतेक जण ते रोज वापरतात. त्यामागेही मजकूर टंकित करणे, नोंदीचे अवयव ओळखून खुणा घालणे हाच क्रम आहे. दुसरी गोष्ट लिपीची. एक्सएमएलच्या मानकाने युनिकोड वाचता येणे ही प्रत्येक यंत्रणेवर सक्ती केली. २००० च्या दशकातल्या मराठी टंकनाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना या सक्तीचे मोल कळेल. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, आणि फाँट गेला की मजकुराचे भुताचे अक्षर.

युनिकोड आल्यावर सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. ऱ्या-मधला ऱ हा एका संकेताने लिहिता येतो आणि र व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. दिसायला फरक नाही. युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकरूप करता येतात, पण ते आपण करून घ्यावे लागते. ॲ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये; त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र दिलेला असतो, आणि ही दोन रूपे युनिकोडलाही एक वाटत नाहीत. काही जुन्या शोधयंत्रणा मात्रा-वेलांटीला अक्षर मानीत नसत आणि शब्द तेथेच तोडीत.

याहून मोठी अडचण आमच्या व्याकरणाची. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ हा शब्द ठायी ठायी येतो. तो शोधला तर भाऊ, भाऊराया सापडतात. भावाला, भावाच्या सापडत नाहीत. सामान्यरूपात मूळ शब्दाचे अंगच बदलते : पाऊस-पावसाने, ऊस-उसाचा, बहीण-बहिणीला. शिवाय बंधू, बंधवा हे वेगळेच. एक्सक्वेरीच्या पूर्णपाठ-शोधाचे मानक २०११ मध्ये आले, त्यात शब्दाच्या मूळरूपावरून शोधण्याची सोय आहे, परंतु ती सोय त्या त्या भाषेचे नियम कोणी तरी लिहून दिले तरच चालणार. आम्ही सोपा आणि कष्टाचा मार्ग घेतला. नात्याच्या प्रत्येक शब्दाला खूण घालून तिच्यात मूळ शब्द लिहिला. हे काम तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या चालले. डेटाबेसला पैसे पडले नाहीत. विद्यार्थ्यांच्या चहा-नाश्त्याला आणि प्रवासाला पडले ते आम्ही दोघांनी घातले.

आम्ही निवडलेला डेटाबेस बेसएक्स. जर्मनीतील कोन्स्टांत्स विद्यापीठात ख्रिस्तियान ग्र्यून यांनी २००५ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि २००७ पासून तो मुक्त-स्रोत आहे. एक्झिस्टमध्ये संकेतस्थळ उभारण्याची सारी सामग्री आहे. आम्हांला संकेतस्थळ नको होते, विभागातल्या एका जुन्या संगणकावर चालेल असे काही हवे होते. बेसएक्स लहान आहे, आणि फायलींची प्रत घेऊन तिच्यावर सूची बांधतो, मूळ फायलींना हात लावत नाही. मजकूर बदलला की सूची पुन्हा बांधून घ्यायची आठवण ठेवावी लागते; ती राहिली तर शोध मंदावतो आणि विद्यार्थी संगणकाला दोष देतात.

प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या संग्रहाला डेटाबेस लागतोच असे नाही. देवनागरी अक्षराला तीन बाइट धरले तरी तीन हजार ओव्या खुणांसह दोनतीन मेगाबाइटच्या पलीकडे जात नाहीत. बोसॅकची सगळी शेक्सपिअरची नाटके आठ मेगाबाइटच्या आत आहेत. केवळ शब्द शोधायचा तर साधा संपादक पुरे. ज्या प्रश्नांत रचना येते तेथे तो अपुरा पडतो. माहेर आणि सासर वेगळ्या तालुक्यांतले असलेल्या गाणाऱ्यांच्या ओव्यांत भावाचा उल्लेख अधिक येतो काय, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. एक्सक्वेरीत त्याला नऊ ओळी लागल्या. उत्तर तिच्या प्रबंधिकेत येईल. ते येथे सांगणे योग्य नव्हे.

विभागात जो कोणी नव्याने येतो त्याला आम्ही आधी फायलींची पेटी दाखवतो, मग डेटाबेस. पेटीच्या तीन प्रती आहेत; एक ग्रंथालयात, एक विभागात, एक आमच्यापैकी एकाच्या घरी. मागल्या वर्षी संगणक बिघडला तेव्हा नव्या यंत्रावर सारे उभे करायला दुपार पुरली.

वाळवीतून वाचलेल्या वह्यांवरून बहुतेक ओव्यांच्या गाणाऱ्या परत जुळल्या. काही विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहेत. त्यांना दूरध्वनी करून विचारले, दोघी-तिघी पुन्हा त्या गावांना जाऊन आल्या. पुष्कळ म्हाताऱ्या तोवर गेल्या होत्या. उरलेल्या ओव्यांच्या फायलींत <गाणारी> ही खूण रिकामी आहे. काही वेळा एखादी ओवी कोणाची असावी हे भाषेवरून ओळखू येते, पण तेवढ्यावर नाव भरायचे नाही, असे आमचे ठरले आहे.